मानपत्रातलं शेवटचं वाक्य

मी मानपत्रं लिहीत नाही. मराठीची शिक्षिका, त्यात अक्षर बरं, म्हणून वर्षातून दोन-तीनदा कोणी ना कोणी फाटक वाजवतंच. परवा आमच्या कॉलनीच्या मंडळाचे चौघे आले होते. रस्ता झाडणाऱ्या बायकांचा सत्कार करायचा आहे म्हणाले. शाल, श्रीफळ, मानपत्र, प्रमुख पाहुणे, सगळं ठरलेलं. "या लोकांविषयी कृतज्ञता व्यक्त व्हायला हवी ना, मॅडम?" मी विचारलं, कार्यक्रम किती वाजता? सकाळी आठला. सकाळी आठला त्या बायका कुठे असतात, माहीत आहे का? मी दार लावून घेतलं. जरा जोरातच लागलं.

मॅडम फार तुसड्या झाल्यात, असं फाटकातून बाहेर पडताना त्यांतला एक बोलला. मला ऐकू जावं इतक्या मोठ्यानेच बोलला. तुसडी तर तुसडी. सत्काराची शाल बघितली की माझं डोकं फिरतं, आणि ते का फिरतं हे एकदा लिहून टाकलेलं बरं.

नव्वद सालानंतरची पहिली काही वर्षं. नवऱ्याला अंबडच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही नाशिकच्या त्या नव्या कॉलनीत दोन खोल्यांच्या घरात राहायला आलो. कॉलनी उतारावर होती. खालच्या अंगाला आमच्या चार गल्ल्या आणि वर चढावर दोन. घरं नवी, रस्ते कच्चे, आणि पाणी दिवसातून एकदा. आम्हाला पहाटे पावणेसहा ते साडेसात. गच्चीवर टाकी अजून कोणी बांधलेली नव्हती. पिंप, हंडे, कळश्या, बादल्या आणि तेही संपलं की पातेली. त्या वेळेत जे भरलं त्यावर दिवस काढायचा.

हे पाणी सोडायला महापालिकेचा एक माणूस यायचा. चाळिशीचा, उंच, किडकिडीत, मूळचा घोटीकडचा. कॉलनीत लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांच्या खांद्यावर लोखंडी चावी असायची. ही चावी म्हणजे पुरुषभर उंचीचा एक गज, वर आडवी मूठ आणि खाली चौकोनी तोंड. रस्त्यातलं झाकण उचलायचं, गज आत उतरवून व्हॉल्व्हवर बसवायचा आणि दोन्ही हातांनी फिरवायचा. फिरवून झालं की मामा गजाला कान लावून मिनिटभर उभे राहायचे. पाईपातून पाणी कसं चाललंय ते त्यांना त्या गजातून ऐकू यायचं. "बाई, तुमच्या गल्लीत कोणी तरी मोटर लावलीय," असं नुसतं ऐकून सांगायचे, आणि शोधलं की कोणाच्या तरी मोरीत मोटर सापडायचीच.

साडेसातला मामा आमचा व्हॉल्व्ह बंद करायचे आणि मग चढावरचा उघडायचे. खालचा बंद केल्याशिवाय पाणी वर चढतच नसे. वरच्यांना नऊपर्यंत मिळायचं आणि नऊला कॉलनीला पाणी पुरवणारी मोठी टाकी रिकामी. म्हणजे सगळं त्या साडेसातच्या फिरवण्यावर होतं. कॉलनीतल्या प्रत्येक बाईला हे पाठ होतं. पुरुषांना ठाऊक नव्हतं, कारण हंडे ते भरत नव्हते. आणि कॉलनीच्या समितीत सगळे पुरुषच होते.

एका डिसेंबरात समितीच्या सेक्रेटरींना वाटलं की सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर कोणाचा तरी सत्कार करावा. नेहमी आपण मोठ्या लोकांचे सत्कार करतो, या वेळी आपल्यासाठी राबणाऱ्या माणसाचा करू. ऐकायला छान वाटत होतं. मलाही वाटलं. मानपत्र मी लिहायचं आणि सूत्रसंचालनही मीच करायचं, असं ठरलं. प्रमुख पाहुणे म्हणून भागातलं एक वजनदार नाव ठरलं. हे गृहस्थ पुढारी तर होतेच, शिवाय मी ज्या शाळेत नुकतीच लागले होते त्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्षही होते.

सेक्रेटरींनी मामांना आमच्या गल्लीतच गाठलं. मी कळशी घेऊन फाटकात उभी होते, सगळं ऐकत होते.

"सायेब, सकाळचं नको," मामा म्हणाले. "सकाळी पाणी असतंय. संध्याकाळी ठेवा की."

"संध्याकाळी पाहुण्यांना वेळ नाही. आणि अर्ध्या तासाचं तर काम आहे. साताला या, साडेसाताला मोकळे."

"साडेसाताला मला वरचं सोडायचं असतंय."

"अहो, सोडा की मग! तुम्हाला कोण धरून ठेवणार आहे?"

सेक्रेटरी गेल्यावर मामा माझ्याकडे आले. मानपत्र मीच लिहिणार का, ते त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. मग गजाची मूठ उगाच पुसत म्हणाले, "बाई, त्यात तेवढं घालाल का, का नऊ वरसात एक बी खाडा नाय? माझी फाईल वर गेलीय. कायम करायच्या यादीत नाव हाय म्हणत्यात. साहेबाला दावायला एक कागद झाला तर लय बरं व्हईल."

त्यांना शाल नको होती. हार नको होता. नऊ वर्षं रोजंदारीवर काढलेल्या माणसाला, रोज कामावर येतो एवढं सांगणारा एक शिक्क्याचा कागद हवा होता, आणि तेवढ्यासाठी ते स्टेजवर बसायला तयार झाले. हे मला त्या दिवशी नीट कळलं होतं. नंतर समजलं, असं मी म्हणू शकत नाही.

दोन संध्याकाळी बसून मी मानपत्र लिहिलं. काय लिहिलं म्हणता! मामांना मी भगीरथ केलं, कर्मयोगी केलं, त्यांच्या चावीला शस्त्र केलं, आमच्या हंड्यांना मंगलकलश केलं. खाड्याचंही घातलं, "नऊ वर्षांच्या अखंड सेवेत एकाही दिवसाचा खंड न पडू देता" वगैरे. आणि शेवट दणक्यात व्हावा म्हणून लिहिलं, "आज आपले नित्याचे कर्तव्य बाजूला ठेवून आपण आमच्यासाठी येथे विराजमान झालात, हे आम्हा कॉलनीवासीयांचे परमभाग्य." नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, शेवट मस्त झालाय. मीही त्या रात्री खुशीत झोपले.

सव्वीस जानेवारीला मामा बरोबर सातला आले. खांद्यावर चावी होतीच. सेक्रेटरींनी ती काढून घेऊन मंडपाच्या मागे ठेवायला लावली. फोटोत बरी दिसत नाही म्हणे! ज्या कामासाठी माणसाचा सत्कार, त्या कामाचं हत्यार फोटोत बरं दिसत नव्हतं. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं, मुलांना बिस्किटं वाटली. मामांना स्टेजवर खुर्ची मिळाली. पांढरा धुतलेला शर्ट, वरचं बटण लावलेलं, हात मांडीवर. पाहुण्यांचा पत्ता नव्हता. त्यांची त्या सकाळी पाच ठिकाणी झेंडावंदनं होती आणि आमचं पाचवं होतं.

साडेसात वाजले तसे मामा उठले. सेक्रेटरींनी खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. "बसा हो, पाहुणे निघालेत. आलेच पाच मिनिटांत."

आठच्या सुमाराला ते पुन्हा उठले. या वेळी थेट स्टेजच्या पायरीपर्यंत आले. लोक कंटाळले होते, काही उठायला लागले होते, आणि माइक माझ्या हातात होता. सेक्रेटरींनी मला खुणावलं होतं की लोकांना धरून ठेवा. मी माइकवर म्हणाले, "मामा, आज पाणी नाही, आज टाळ्या! आज तुम्हाला सुट्टी! बसा बघू!" लोक हसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामाही कसंनुसं हसले आणि परत जाऊन बसले.

मी रोज पहाटे हंडे भरणारी बाई होते. साडेसातला काय होतं ते मला पाठ होतं. तरी मी हे बोलले. माझं बोलणं लोकांना आवडलं, याचा मला त्या क्षणी आनंदही झाला. हे आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पाहुणे पावणेनऊला आले. त्यांनी मामांच्या अंगावर शाल टाकली, नारळ दिला, फोटोग्राफरकडे बघितलं. मी मानपत्र वाचलं, आवाजात चढउतार करून, पूर्ण. मग पाहुण्यांनी जलव्यवस्थापनावर भाषण केलं. त्या वेळी खालच्या चारही गल्ल्यांत नळ धो धो वाहत होते, भांडी भरून वाहत होती, रस्त्यावर चिखल झाला होता. मामा स्टेजवरून उतरले तेव्हा सव्वानऊ झाले होते. शाल अंगावर तशीच ठेवून ते मंडपामागे चावी घ्यायला पळाले. चढावरचा व्हॉल्व्ह त्यांनी उघडला, गजाला कान लावला. पाईप कोरडा होता.

चढावर एका घरी त्या दिवशी बारसं होतं. पन्नास माणसं जेवायला. त्या घरचा कर्ता पुरुष सकाळी मंडपात तिसऱ्या रांगेत बसलेला मी स्वतः पाहिला होता. माझ्या विनोदाला त्यानेही टाळ्या वाजवल्या. मग घरी गेला, नळाला पाणी नाही म्हटल्यावर खवळला आणि दुपारी तक्रार लिहून मोकळा झाला. कर्मचारी कामाच्या वेळेत जागेवर नव्हता, पाणी वाया गेलं, वरच्या भागाला मिळालं नाही. वरच्या दोन गल्ल्यांतल्या तीस-चाळीस जणांनी खाली सह्या केल्या. सकाळी भगीरथ आणि दुपारी कामचुकार, मधे जेवणापुरताच वेळ गेला असेल.

महापालिकेने मामांचं काम थांबवून त्यांना चौकशीला बोलावलं. कॉलनीच्या लोकांनी बसवून ठेवलं होतं, असं त्यांनी सांगितलं. मग तसं समितीकडून लिहून आण, असं उत्तर मिळालं. मामा सेक्रेटरींच्या दारात गेले. सेक्रेटरी म्हणाले, "पाहुणे पावणेदोन तास उशिरा आले असं मी लेखी कसं देऊ? त्यांचा अपमान नाही का होणार?" समितीच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष म्हणाले, सेक्रेटरी देतील. समितीचे सात सभासद. एकानेही चार ओळी लिहिल्या नाहीत. वर्गणी काढून शाल आणणारे हे लोक, हार आणायला पार सराफ बाजारातल्या फुलवाल्यांपर्यंत गेलेले. चार ओळी मात्र कोणाच्या हातून निघेनात.

मग मामा माझ्याकडे आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मी म्हणाले, मी देते लिहून, उद्या या. आणि मी लिहिलंही. "पाहुण्यांना उशीर झाल्याने आम्ही त्यांना आग्रहाने बसवून ठेवले. ते दोन वेळा उठले होते. चूक त्यांची नाही, आमची आहे." खाली सही करायची तेवढी राहिली होती. नवरा म्हणाला, "जूनमध्ये तुझी कायमची ऑर्डर निघायचीय. ती कोणाच्या सहीने निघते, माहीत आहे ना?"

माहीत होतं. मी कागद कपाटात साड्यांखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी मामा आले तेव्हा मी आतल्या खोलीत बसून राहिले आणि नवऱ्याने, ती शाळेत गेलीय, असं सांगितलं. ते दोनदा आले. तिसऱ्यांदा आले नाहीत. मला जूनमध्ये ऑर्डर मिळाली. मामांचं नाव यादीतून गेलं. पाणी सोडायला दुसरा माणूस यायला लागला, तो गजाला कान लावत नसे.

पुढची काही वर्षं मी एवढंच धरून बसले होते की आपण चिठ्ठी दिली नाही, म्हणून त्या माणसाचं नुकसान झालं. आपली चूक म्हणजे एक न दिलेला कागद. रागवायला सेक्रेटरी होते, पाहुणे होते, तिसऱ्या रांगेतला तो होता. या सगळ्यांवर रागावता रागावता माझ्या वाट्याला फार काही उरत नसे.

मग जनगणना आली. घरयादीच्या कामाला आम्हा शिक्षकांना जुंपलं आणि मला अंबडच्या पलीकडची एक वस्ती मिळाली. मे महिना, पत्र्याची घरं, हातात फॉर्मांचा गठ्ठा. एका दारात एक पोरगी भांडी घासत होती. मी विचारलं, घरात मोठं कोणी आहे का? आतून मामा बाहेर आले. केस पांढरे झाले होते. मला ओळखायला त्यांना क्षणभरही लागला नाही.

"या बाई, या. बसा. ए, पानी आन बाईंना."

मी बसले. समोरच्या भिंतीवर देवांच्या तसबिरींशेजारी माझं मानपत्र होतं, समितीने दिलेल्या त्याच लाकडी चौकटीत. काच पुसलेली, लख्ख. माझं ते वळणदार अक्षर, खाली समितीचा जांभळा शिक्का. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण फॉर्म भरायचा होता. भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, खोल्या किती. पिण्याच्या पाण्याची सोय?

"नळ हाय, कोपऱ्यावर. सगळ्या वस्तीला एकच."

काम? ते एका ठेकेदाराच्या टँकरवर जात होते. मिळेल त्या दिवशी.

मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मामा, मी तुम्हाला चिठ्ठी द्यायला हवी होती. मी लिहिली होती. दिली नाही. त्या दिवशी मी घरातच होते."

"ठाव हाय," मामा म्हणाले. "तुमची चप्पल दारात होती."

मग त्यांनीच सांगितलं. राग नव्हता आवाजात, तो असता तर बरं झालं असतं. कोणीच काही लिहून देईना, तेव्हा त्यांनी भिंतीवरून ही चौकट उतरवली, टॉवेलात गुंडाळली आणि ऑफिसात नेली. कॉलनीचा शिक्का असलेला त्यांच्याकडचा हाच एक कागद. नऊ वर्षांत एक खाडा नाही, असं त्यात लिहिलंय हे त्यांना ठाऊक होतं, मी माइकवर वाचताना ऐकलं होतं. साहेबांनी सगळं वाचलं. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. कर्तव्य बाजूला ठेवून विराजमान झालात. खाली तारीख. साहेब म्हणाले, तू म्हणतोस लोकांनी बसवलं, आणि लोकच लिहून देतात की तू स्वतः काम सोडून बसलास. साहेबांनी त्याची झेरॉक्स काढून घेतली, फाईलला लावली आणि चौकट परत दिली.

पोरीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला होता. कोपऱ्यावरून भरून आणलेलं पाणी. त्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

"बाई, एक इचारू?" मामा म्हणाले. "मी काम बाजूला ठेवलं नव्हतं. दोनदा उठलो होतो. दुसऱ्या टायमाला तर तुम्हीच बसवलं. मंग ती ओळ का वो लिवली?"

"चांगली वाटली म्हणून," मी म्हणाले.

मामांनी मान हलवली आणि भिंतीवरच्या चौकटीकडे बघितलं.

"हां," ते म्हणाले. "ऐकायला लय चांगली होती."